पिस्ता घ्यावा की मलई?

वाचकांचे प्रश्न : घर आणि रंगकाम

यावेळी जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांतली पत्रं घेतली आहेत. बहुतेकांची अडचण एकच. शेड कार्डावरचे शंभर रंग बाद करून झाले, दोन उरले, आणि त्या दोघांवर घरातली माणसं अडून बसली आहेत. पहिल्या पत्राचं उत्तर मुद्दाम सविस्तर दिलं आहे, कारण पुढच्या चार-पाच पत्रांचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

प्रश्न : आमच्या हॉलला एकच खिडकी आहे, पश्चिमेला, चार बाय पाच फुटांची. हॉल बारा बाय चौदा, उंची दहा फूट. फरशी मलई रंगाची व्हिट्रिफाइड, सोफा तपकिरी, भिंतीवर पांढऱ्या उजेडाची एलईडी ट्यूब. फिकट पिस्ता आणि मलई असे दोन रंग ठरवलेत. मिस्टर म्हणतात पिस्ता घेऊ, उन्हाळ्यात हॉल थंड राहील. मला मलई आवडते. दुकानदाराने पुस्तकात बघून पिस्त्याचा आकडा ६२ आणि मलईचा ७८ असा सांगितला, पण तो कशाचा ते कळलं नाही. कसं ठरवायचं?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : आधी तो आकडा. भिंतीवर पडलेल्या उजेडातला किती टक्के उजेड ती परत फेकते, हे त्यावरून कळतं. रंगवाले त्याला एलआरव्ही म्हणतात. शून्य म्हणजे मिट्ट काळा, शंभर म्हणजे शुभ्र. ६२ आणि ७८ यांत अंतर सोळाचंच दिसतं, पण उजेड एका भिंतीवर आपटून थांबत नाही, तिथून समोरच्या भिंतीवर जातो. पिस्त्यावर दोनदा आपटला की शंभरातला ३८ उरतो. मलईवर दोनदा आपटला तरी ६१ उरतो. खिडकीपासून लांबच्या कोपऱ्यात पोचणारा उजेड असा दोन-तीनदा आपटूनच आलेला असतो. एका खिडकीच्या चौदा फुटी हॉलमध्ये म्हणून हा फरक कार्डावर वाटतो त्यापेक्षा पुष्कळ मोठा आहे.

आता थंडाव्याचं. आतल्या रंगाने खोली थंड होत नाही. पिस्ता डोळ्यांना थंड वाटतो हे खरं, पारा मात्र होता तिथेच राहतो. मे महिन्यात ४४-४५ अंशांत तुमचा हॉल तापतो तो गच्चीच्या स्लॅबमुळे आणि पश्चिमेच्या भिंतीच्या बाहेरच्या अंगामुळे. नऊ इंची विटांची भिंत दुपारभर ऊन पिते आणि ती धग संध्याकाळनंतर आत सोडते. तिथे खर्च करा : गच्चीवर पांढरा उष्णतारोधक रंग किंवा साधा चुना, पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून फिकट रंग, खिडकीला बाहेरून चिक. आतला रंग निवडताना हा मुद्दा बाजूलाच ठेवा.

पश्चिमेच्या खोलीत मात्र एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. या खोलीला दिवसात दोन वेगळे उजेड मिळतात. सकाळपासून दुपारी एक-दीडपर्यंत खिडकीतून नुसता आकाशाचा उजेड येतो. तो निळसर असतो. त्यात पिस्ता करडा, मरगळलेला दिसतो आणि मलई पांढरटपणाकडे झुकते. चारनंतर तिरपं पिवळं-केशरी ऊन आत येतं. मग पिस्ता एकदम ताजा दिसायला लागतो आणि मलई गडद होत थेट हळदीकडे सरकते. शिवाय उन्हाचा पट्टा वर्षभर एकाच भिंतीवर पडत नाही. आपल्याकडे जूनमध्ये सूर्य नेमक्या पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला मावळतो, डिसेंबरमध्ये तेवढाच दक्षिणेला. त्यामुळे उन्हाळ्यात संध्याकाळचं ऊन हॉलच्या दक्षिणेकडच्या भिंतीवर पडेल, हिवाळ्यात उत्तरेकडच्या. एकाच भिंतीवर नमुना लावून निकाल दिला तर सहा महिन्यांनी तो चुकलेला वाटू शकतो.

रात्रीचा उजेड तिसरा. ट्यूबच्या खोक्यावर केल्व्हिनचा आकडा असतो, उजेड पिवळा की निळसर पांढरा ते त्यावरून कळतं. पांढऱ्या ट्यूबवर बहुधा ६५०० लिहिलेलं असतं. त्या उजेडात मलईचा उबदारपणा निघून जातो आणि पिस्त्याचा हिरवेपणा बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर उतरतो, माणसं आजारी असल्यासारखी दिसतात. ३००० च्या पिवळ्या दिव्यात उलटं होतं. मलई तुपासारखी दाट दिसते आणि पिस्ता मळकट. ४००० केल्व्हिनची ट्यूब दोन्ही रंगांना बरी. खोक्यावर सीआरआयही बघा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात तो आकडा. तो ९० च्या वर असेल तर कोणताही रंग खरा दिसतो. बाजारातल्या बहुतेक ट्यूब ८० च्या आसपास असतात.

आता प्रत्यक्ष तुलना. दोन्ही छटांचा सर्वांत लहान डबा घ्या. काही कंपन्या २०० मिलीचे नमुने देतात. कॅटलॉगमधल्या नखाएवढ्या चौकोनावर किंवा मोबाइलच्या पडद्यावर विसंबू नका. पडदा स्वतःच उजेड फेकतो, भिंत तसं करत नाही. दोन फूट बाय तीन फूट मापाचे हार्डबोर्डचे दोन तुकडे घ्या. पांढऱ्या प्रायमरचा एक हात, मग रंगाचे दोन हात, मध्ये किमान चार तास. चारही बाजूंनी तीन इंच पांढरा काठ सोडा. ओल्या रंगावर मत बनवू नका. इमल्शनमधला (पाणी घालून लावायच्या भिंतीच्या रंगातला) चिकट पदार्थ ओला असताना दुधाळ दिसतो आणि वाळल्यावर पारदर्शक होतो, म्हणून वाळलेला रंग ओल्यापेक्षा थोडा गडद निघतो. रंगारी पहिला हात मारत असताना “हा तो रंगच नाही” अशी भांडणं होतात, त्यातली बरीच याच कारणाने.

थेट भिंतीवर नमुना लावू नका, असं आम्ही सांगतो. एक म्हणजे जुना रंग शेजारी असला की डोळा फसतो. जुनी भिंत गुलाबी असेल तर तिच्यावरचा पिस्ता आहे त्यापेक्षा हिरवा दिसेल. दुसरं म्हणजे नमुन्याच्या कडेला रंगाची जाड रेघ बसते आणि ती शेवटच्या हातानंतरही तिरप्या उजेडात उठून दिसते. बोर्ड असला की तो हलवता येतो : एकदा खिडकीच्या भिंतीवर (तिथे प्रत्येक रंग गडद दिसतो, कारण पाठीमागून उजेड डोळ्यात येतो), एकदा खिडकीसमोर, एकदा कोपऱ्यात. दोन्ही बोर्ड चिकटवून ठेवू नका, शेजारशेजार ठेवल्याने फरक वाढवून दिसतो. एका वेळी एकच बघा. सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी साडेपाच आणि रात्री नऊला, घरातली ट्यूब लावून. असं दोन दिवस करा. प्रत्येक वेळी जे वाटलं ते एका शब्दात बोर्डाच्या मागे लिहा. सोफ्याचं एक कव्हर शेजारी टाका आणि बोर्डाचा खालचा काठ फरशीला टेकवा, कारण फरशीवरून परतलेला उजेड भिंतीच्या खालच्या भागावर सतत पडत असतो.

तुमच्या हॉलपुरतं आमचं मत : मलई घ्या, पण ठरवलेल्या छटेपेक्षा पट्टीवर एक पायरी फिकट. चार भिंती रंगल्या की त्या एकमेकींवर रंग फेकतात आणि कार्डावरची छटा दाट होते. त्यात तुमच्याकडे संध्याकाळचं पिवळं ऊन आणि मलई फरशी, दोन्ही तिला आणखी पिवळी करणार. पिस्ताच हवा असेल तर ७० च्या पुढचा आकडा असलेला घ्या आणि ट्यूब बदला. एक भिंत पिस्ता आणि तीन मलई अशी तडजोड मात्र करू नका. दोन्ही रंग फिकट आहेत, त्यांच्यातला फरक जाणीवपूर्वक केलेला न वाटता रंग कमी पडल्यासारखा दिसतो.

किती लागेल : हॉलचा घेर ५२ फूट, गुणिले उंची १० म्हणजे ५२० चौरस फूट. तीन बाय सातची दोन दारं धरली तर ४२ आणि खिडकीचे २० वजा करून ४५८ राहतात. चांगल्या इमल्शनचे दोन हात लिटरला १२० ते १४० चौरस फूट जातात, म्हणजे साडेतीन लिटरच्या आसपास. चार लिटरचा एक डबा पुरेल आणि पुढच्या डागदुजीला थोडा उरेलही. छताचा पांढरा रंग वेगळा.

प्रश्न : दोन पांढरे रंग कार्डावर अगदी सारखे दिसत होते. त्यातला एक बैठकीत दिला आणि तो गुलाबी निघाला. दुकानात चूक झाली का?
— वाचक, अमळनेर

उत्तर : चूक होण्याची शक्यता कमी. निव्वळ पांढरा सोडला तर प्रत्येक पांढऱ्यात थोडा पिवळा, गुलाबी, हिरवा किंवा करडा मिसळलेला असतो. कार्डावर आजूबाजूला दुसरे रंग असल्याने तो दिसत नाही. दोन्ही चौकोन कापून झेरॉक्सच्या कोऱ्या कागदावर ठेवा. कागद किंचित निळसर शुभ्र असतो, त्याच्यावर कोणता पांढरा कुठे झुकतो ते लगेच कळतं.

पण आधी खोलीत बघा. लाल सतरंजी, विटकरी पडदे, समोरच्या घराची लाल भिंत, यांतलं काही असेल तर गुलाबीपणा तिथून येतो. शहाबादी फरशीवर पांढरा करडा होतो, हिरवट कोटा फरशीवर हिरवा. सतरंजी गुंडाळून आणि पडदे काढून एक दुपार बैठक बघा. तरीही गुलाबी राहिली तर मग छटेतच आहे, आणि थोडा पिवळसर पांढरा घेऊन वरून एकच हात दिला तरी भागेल. कोड तोच ठेवून स्वस्त किंवा महाग दर्जाचा डबा घेतला तरी रंग थोडा हलतो, कारण बेस (छटा मिसळण्याआधीचा मूळ रंग) वेगळा आणि चमकही वेगळी. दोन डबे लागणार असतील तर दोन्ही एका बादलीत ओतून ढवळून घ्या. एक भिंत एका डब्याची आणि दुसरी दुसऱ्याची असं झालं की कोपऱ्यात फरक दिसतोच.

प्रश्न : उत्तरेच्या खिडकीबाहेर केळीची बाग आहे. खोलीला करडा रंग द्यायचा आहे. निळसर करडा घ्यावा की मातकट करडा?
— वाचक, रावेर तालुका

उत्तर : मातकट. पानांवरून येणारा उजेड हिरवा असतो आणि करडा रंग समोरचा उजेड सगळ्यांत पटकन पकडतो. निळसर करड्यात हा हिरवा मिसळला की भिंत शेवाळल्यासारखी दिसते. मातकट करड्यात लाल-तपकिरीचा अंश असतो, तो हिरव्याला मारतो.

फक्त नमुना बघताना बाग कोणत्या अवस्थेत आहे ते ध्यानात घ्या. घड कापून बाग काढली की खिडकीबाहेर उघडी माती येते आणि त्याच खोलीचा उजेड तांबूस होतो. तेव्हा मातकट करडा जास्तच तपकिरी वाटू शकतो, म्हणून फार दाट छटा घेऊ नका, एलआरव्ही ६० च्या वरच ठेवा. आणि उत्तरेच्या खिडकीतून ऊन येतच नाही हे आपल्याकडे पूर्ण खरं नाही. खानदेश २१ अंश अक्षांशाच्या आसपास आहे. मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत भर दुपारीसुद्धा सूर्य किंचित उत्तरेला असतो आणि या दिवसांत सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीत तिरपं ऊन येतं.

प्रश्न : पलंगामागची एक भिंत गडद निळी करायची आहे. दुकानदार म्हणतो दोन हात पुरतील, रंगारी म्हणतो तीन लागतील आणि वर मे महिन्यात काम नको. कोणाचं ऐकावं? गडद निळा आणि मध्यम निळा असे दोन पर्याय आहेत.
— वाचक, शिरपूर

उत्तर : दोन्ही बाबतींत रंगाऱ्याचं. फिकट रंगांच्या बेसमध्ये टिटॅनियम डायऑक्साइड ही पांढरी भुकटी भरपूर असते आणि खालची भिंत झाकण्याचं मुख्य काम तीच करते. गडद छटा ज्या बेसमध्ये बनवतात त्यात ती फारच थोडी असते, नाहीतर गडदपणा येणारच नाही. म्हणून गडद रंग महाग असूनही कमी झाकतो. पांढऱ्या प्रायमरवर त्याचे दोन हात दिले तर ब्रशच्या रेघांमधून पांढरं डोकावतं. प्रायमर करडा करून घ्या म्हणजे तिसरा हात वाचू शकेल. तरी रंग तीन हातांचाच आणा.

उन्हाळ्याचं कारण असं. इमल्शनमधलं पाणी हळूहळू उडायला हवं, तेवढ्या वेळात त्यातले बारीक कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा बनतो. तापलेल्या भिंतीवर पाणी आधीच उडून जातं. रोलरचा एक पट्टा ओढून दुसरा घ्यायला वाकेपर्यंत पहिल्याची कड सुकलेली असते. दुसरा पट्टा त्या सुकलेल्या कडेवर चढतो, तिथे रंग दुहेरी बसतो आणि वाळल्यावर फूट-फूट अंतरावर उभ्या गडद रेघा दिसतात. फिकट रंगात त्या खपून जातात, गडद निळ्यात नाहीत. यावर रंगात जास्त पाणी घालणं हा उपाय नव्हे, त्याने झाकणं आणखी कमी होतं. डब्यावर लिहिलेलं प्रमाण पाळा. चांगल्या इमल्शनला ते ४० टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे लिटरला सुमारे ४०० मिली, आणि ते मापाने घाला. बादलीकडे बघून अंदाजाने नको.

उन्हाळ्यातच करणं भाग असेल तर सकाळी साडेसहाला सुरू करून अकराच्या आत थांबा, पंखा आणि कूलर बंद ठेवा आणि भिंत एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत न थांबता पूर्ण करा. मध्ये चहाला थांबायचं नाही. दोघं जण असले तर उत्तम : एकाने ब्रशने कडा कापायच्या, दुसऱ्याने लगेच मागून रोलर फिरवायचा. सिमेंटची पुट्टी द्यायची असेल तर भिंतीवर आधी पाणी शिंपडा. कोरड्या तापलेल्या भिंतीने पुट्टीतलं पाणी ओढून घेतलं की ती कच्ची राहते आणि हात फिरवला तरी पांढरी भुकटी निघते. त्यावरचा कितीही चांगला रंग मग पापुद्र्यांनी येतो. भर पावसाळ्याचे दिवसही टाळा. दसऱ्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ आपल्याकडे या कामाला सगळ्यांत चांगला.

दोन निळ्यांमध्ये आम्ही मध्यम निवडू. गडद मॅटला (बिनचमकीच्या रंगाला) उशी, डोकं, खुर्चीची पाठ घासली की तिथे चमकदार डाग पडतो आणि तो पुसून जात नाही, डागापुरता रंग लावला तर तेवढा तुकडा वेगळा दिसतो. पलंगामागची भिंत रोज घासली जाणारच. गडदच हवा असेल तर मॅटऐवजी सौम्य चमकीचा सॅटिन घ्या. मात्र सॅटिनमध्ये भिंतीचे खळगे दिसतात, त्यामुळे पुट्टीचे दोन हात आणि १८० नंबरनंतर ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासणं टाळता येणार नाही. घासताना भिंतीला चिकटून दिवा धरा. सरळ उजेडात न दिसणारे खळगे तिरप्या उजेडात सावल्या टाकतात.

प्रश्न : स्वयंपाकघराला पांढरा की लिंबू पिवळा? सासूबाई म्हणतात, “पांढरा रंग लवकर मळस.”
— वाचक, पाचोरा

उत्तर : दोन्ही सारखेच मळतात, पांढऱ्यावर ते दिसतं एवढंच. प्रश्न रंगापेक्षा पोताचा आहे. मॅट रंगाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खाचा असतात, शेवभाजीच्या रश्श्याची तर्री त्यात उतरली की निघत नाही. ओट्याच्या भिंतीला सॅटिन द्या आणि शेगडीमागे किमान दोन फूट टाइल्स लावा. भरीताची वांगी भाजायची ती शक्यतो खिडकीखाली, नाहीतर कोणताही रंग दोन हिवाळ्यांत धुरकट होणार. फिकट पिवळे पांढऱ्यापेक्षा कमी झाकतात आणि ६५०० च्या ट्यूबखाली लिंबू पिवळा हिरवा दिसतो, म्हणून आमची पसंती पिवळसर झाक असलेल्या पांढऱ्याला. रंग दिल्यावर पहिले तीन-चार आठवडे भिंत धुऊ नका. डाग पडला तर ओल्या मऊ कापडाने लगेच टिपा. हळदीचा पिवळेपणा उरला तर खिडकीच्या उन्हात तो बऱ्याच अंशी आपोआप उडतो.

प्रश्न : खालच्या खोलीच्या भिंतीला जमिनीपासून अडीच फूट लोणा लागलाय. दरवर्षी पोपडे निघतात. तेवढा भाग गडद कॉफी रंगाचा करावा की सगळी भिंत एकसारखी फिकट ठेवावी? कशाने झाकलं जाईल?
— वाचक, चोपडा

उत्तर : कशानेच नाही. आणि कॉफी रंगावर तर लोण्याचा पांढरा क्षार सगळ्यांत ठळक दिसेल. भिंत दुरुस्त केल्याशिवाय यातला कुठलाही डबा आणू नका.

लोणा म्हणजे विटा, वाळू किंवा बांधकामाच्या पाण्यातला क्षार. जमिनीतली ओल भिंतीत चढते, तो विरघळवते, पृष्ठभागावर येऊन उडून जाते आणि क्षार मागे राहतो. रंगाच्या थराखाली त्याचे स्फटिक वाढतात आणि रंगाला ढकलून सोडवतात. पोपड्याच्या आतल्या बाजूला बोट लावा, पिठासारखी पांढरी भुकटी लागेल. खारट असते ती.

ओल अजून चालू आहे का ते आधी तपासा. लोण्याच्या भागावर दोन फूट चौरस प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवा. दोन दिवसांनी आतून थेंब दिसले तर भिंतीत पाणी आहे. कारण शोधा : पलीकडे न्हाणी आहे का, बाहेरची गल्ली घरापेक्षा उंच झालीय का, सांडपाणी भिंतीला लागून वाहतं का, कूलर त्याच भिंतीच्या खिडकीत बसवलाय का. कूलर चार महिने भिंत भिजवतो आणि बोअरचं पाणी असेल तर क्षारही पुरवतो.

कारण मिटल्यावर गिलावा लोण्याच्या खुणेच्या वर आणखी एक फुटापर्यंत फोडून काढा, विटा उघड्या पडू द्या. तारेच्या ब्रशने क्षार कोरडाच झाडा. पाण्याने धुतलात तर तो विरघळून परत विटेत जातो. काही आठवडे भिंत तशीच वाळू द्या, मधूनमधून झाडत राहा. मग गोड्या पाण्यात, धुतलेल्या वाळूचा, एकास चार मालाचा आणि जलरोधक मिश्रण घातलेला गिलावा करा. सात दिवस पाणी मारा, पुढे किमान चार आठवडे वाळवा, थांबता आलं तर दोन-तीन महिने. त्यावर अल्कलीला टिकणारा प्रायमर, मगच रंग. टाइल्स लावून झाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ओल टाइल्सच्या मागून वर चढते आणि लोणा चार फुटांवर दिसायला लागतो. पैशाअभावी यंदा गिलावा जमणार नसेल तर खालच्या भागाला नुसता चुना द्या. तो भिंतीला श्वास घेऊ देतो आणि दरवर्षी स्वस्तात पुन्हा देता येतो.

प्रश्न : जुनं धाब्याचं घर आहे, मातीच्या भिंती. मुलगा म्हणतो प्लास्टिक पेंट देऊ. मला चुनाच द्यायचा आहे. माजघराला निळीची झाक बरी की गेरूची?
— वाचक, साक्री तालुका

उत्तर : चुनाच द्या. मातीची भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि नंतर सोडते. प्लास्टिक पेंटचा पापुद्रा ती बाहेर पडू देत नाही आणि सुटतो तेव्हा मातीचा थरही घेऊन सुटतो.

कळीचा चुना १ किलोला ५ लिटर पाणी घ्या. तो पूर्ण विरला की एक दिवस ठेवा आणि जाडसर कापडातून गाळा. दर १० लिटर गाळलेल्या चुन्याला ४० ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून मिसळा, त्याने चुना हाताला लागत नाही. झाकेपुरती नीळ किलोला ३ ग्रॅम, तीही शेवटच्या दोन हातांतच. सुटे पोपडे खरवडून भिंतीवर हलकं पाणी शिंपडा. जुन्या चुन्यावर दोन हात, नव्या मातीवर तीन, एक हात वाळल्यावरच दुसरा आणि आडव्यानंतर उभा.

निळीचा आणि गेरूचा नमुना हातभर जागेवर देऊन दुसऱ्या दिवशीच बघा. इथे इमल्शनच्या उलट होतं. ओला चुना पारदर्शक असतो, वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पांढरा होतो, त्यामुळे रंग ओल्यापेक्षा खूपच फिकट निघतो. ओला गेरू बघून कमी घातलात तर सकाळी भिंत जेमतेम गुलाबी दिसेल. गेरू, पिवळी माती आणि नीळ चुन्यात टिकतात. कापडाचे किंवा रांगोळीचे रंग घालू नका, चुना त्यांना खातो.

माजघरात उजेड कमी असतो, म्हणून वर निळीच्या झाकेचा पांढरा आणि खाली तीन फूट गेरू असा पट्टा द्या. पाठ टेकून खराब होते ती खालचीच जागा. चुना विरताना पाणी उकळून उडतं, तेव्हा पत्र्याचं किंवा लोखंडी भांडं घ्या, प्लास्टिकची बादली नको. आधी भांड्यात पाणी घ्या आणि कळी थोडी थोडी त्यात सोडा. पोरांना लांब ठेवा, डोळ्यांवर चष्मा लावा. डोळ्यात शिंतोडा गेला तर पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्याची धार सोडा आणि लगेच डॉक्टरांकडे जा.